देवाचे वकील

मृताच्या घरी गेल्यावर काय बोलावे हे न सुचणे हा दोष नव्हे. परंतु काही सुचत नाही म्हणून देवाचे नाव पुढे करणे हा दोष आहे, आणि तो आमच्या हातून घडलेला आहे.

काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात आम्ही सांत्वनाला गेलो होतो. घर कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याचे. कर्ता मुलगा गेलेला. ओसरीवर त्याची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. बराच वेळ कोणी बोलेना. ती शांतता तिला नव्हे, आम्हांस असह्य झाली, आणि अशा वेळी आपण सारे जे म्हणतो तेच आम्ही म्हणालो : देवाची इच्छा, आई, त्याच्यापुढे कोणाचे काय चालते! म्हातारीने मान वर केली व अगदी साध्या आवाजात विचारले, "देवाचीच मर्जी व्हती, त मंग सोसायटीचा मानूस वसुलीले कायले येत व्हता जी?"

परतीच्या वाटेवर आमच्यापैकी एकाने म्हटले की, बाई दुःखात आहे, तिच्या बोलण्याचा राग मानू नये. राग मानण्यासारखे ती काही बोललीच नव्हती. तिने एक प्रश्न विचारला होता आणि तो बरोबर होता. आम्ही ज्या गोष्टीचे खापर देवाच्या माथी फोडले होते, तिला पावती होती, व्याजाचा दर होता, वसुलीची तारीख होती. देवाचा बचाव करण्याच्या भरात आम्ही भलत्यालाच निर्दोष सोडले होते.

देव प्रेमळ आहे, सर्वसमर्थ आहे, आणि तरीही जगात दुःख व दुष्टाई आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात काय, हा प्रश्न केवळ नास्तिकांचा आहे असा एक समज आपल्या धर्मग्रामांतून रूढ आहे. तो खरा नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात देवाच्या अस्तित्वाची चर्चा आरंभिली तेव्हा देवाविरुद्धचा पहिला आक्षेप म्हणून नेमका हाच मांडला : अनंत चांगुलपणा अस्तित्वात असेल तर वाईट कोठे उरावे? देवाच्या अस्तित्वाचे त्यांचे पाच सुप्रसिद्ध मार्ग त्यानंतर येतात. ज्या चर्चच्या थोर आचार्याने हा प्रश्न अग्रभागी ठेवला, त्या चर्चमधील आपण मात्र तो विचारणाऱ्याकडे श्रद्धेचा ताप उतरलेला रोगी म्हणून पाहतो. हे आम्हांस मान्य नाही, आणि हा लेख त्या वृत्तीविरुद्ध आहे.

हा प्रश्न यवतमाळच्या मातीत उभा राहून विचारला तर त्याचे रूप बदलते. १९ मार्च १९८६ या दिवशी याच जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व चार मुलांसह पवनारजवळच्या दत्तपूर येथे जीवनयात्रा संपविली. महाराष्ट्रात जाहीर चर्चेचा विषय झालेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते. १९९५ पासून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची वेगळी नोंद ठेवू लागला आणि त्या नोंदींत महाराष्ट्र सातत्याने अग्रभागी राहिला. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग विदर्भात येऊन गेले. यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्यानंतरही मृत्यू थांबले नाहीत. ज्या जिल्ह्याने ही यादी चार दशके वाचली आहे, त्याच्यासमोर देवाच्या इच्छेचा उच्चार करताना जीभ जड व्हायला हवी.

आपल्या बायबलमध्ये या विषयावर एक संपूर्ण पुस्तक आहे. दुर्दैवाने आपण त्याचे फक्त टोकाचे भाग वाचतो. ईयोबाच्या बेचाळीस अध्यायांपैकी पहिले दोन आणि शेवटचा आपल्या परिचयाचे असतात : सारे गमावूनही देवाला धन्य म्हणणारा सोशिक ईयोब, आणि दुप्पट भरपाई मिळालेला सुखी ईयोब. मधल्या अध्यायांत तो सोशिक नाही. तो भांडतो, जन्मदिवसाला शिव्याशाप देतो, देवाला न्यायासनापुढे खेचू पाहतो. त्याच्यासमोर अलीफज, बिल्दद व सोफर हे तीन मित्र बसले आहेत. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहिले, आणि तोवर त्यांनी जे केले ते उत्तमच होते. नंतर त्यांनी तोंडे उघडली. तू काही तरी पाप केले असणार, देव विनाकारण कोणाला मारीत नाही, पश्चात्ताप कर म्हणजे बरे होईल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ आहे. त्यांची भाषा सुंदर आहे. त्यातील पुष्कळसा भाग प्रवचनात जसाच्या तसा खपून जाईल. शेवटी देव बोलतो तेव्हा त्याचा कोप ईयोबावर होत नाही, तो या मित्रांवर होतो. माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असा ठपका तो त्यांच्यावर ठेवतो, आणि ईयोबाने तुमच्यासाठी प्रार्थना केली तरच तुमची गय होईल असे बजावतो. देवाची वकिली करणाऱ्यांची वकालत खुद्द अशिलानेच फेटाळून लावल्याचे असे उदाहरण दुसऱ्या कोणत्या धर्मग्रंथात असल्यास ते आम्हांस ठाऊक नाही.

या तीन मित्रांना यवतमाळात ओळखणे कठीण जाऊ नये. शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्याचे प्रकरण मदतीस 'पात्र' की 'अपात्र' हे ठरविण्याची रीत महाराष्ट्र शासनाने २००५-०६ पासून घालून दिली. नापिकी होती काय, राष्ट्रीयीकृत वा सहकारी बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज होते काय, वसुलीचा तगादा होता काय, हे पाहावयाचे. पात्र ठरल्यास एक लाख रुपये. सार्वजनिक पैसा वाटताना निकष लागतात हे आम्ही समजू शकतो. परंतु या निकषांच्या चाळणीतून काय गळून पडते ते पाहावे. विनापरवाना सावकाराचे कर्ज कागदावर नसते. सातबारा सासऱ्याच्या नावावर, आणि राबणारी सून. ती गेली तर ती शेतकरीच नव्हे असे सिद्ध करावयास वेळ लागत नाही. आणि मग गावात दबक्या आवाजात ते वाक्य येते : तो पीत होता म्हणतात. घरी भांडण होते म्हणतात. एका माणसाच्या मृत्यूचे कारण शोधता शोधता आपण त्याच्या चारित्र्याशी येऊन थांबतो आणि तेथेच मुक्काम करतो. अलीफजानेही हेच केले होते.

शासनाच्या कागदाला दोष देणे सोपे आहे. आमचा रोख आपल्या स्वतःच्या घराकडे आहे. कुणावर संकट कोसळले की 'काय पाप केले असेल' ही कुजबूज आपल्या बाकांवरही होते. प्रभू येशूसमोर जन्मांध मनुष्य आला तेव्हा शिष्यांनी हीच चौकशी केली होती : पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. सिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हाही ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे त्याने लोकांना विचारले आणि नाही असे स्वतःच उत्तर दिले. दोन हजार वर्षांपूर्वी निकालात निघालेला हा खटला आपण अजून कोणत्या अधिकाराने चालवतो?

येथे चर्चने स्वतःची एक चूक कशी सुधारली तेही सांगितले पाहिजे. १९१७ च्या धर्मविधिसंहितेत, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याची तरतूद होती. आपल्या आजीआजोबांच्या पिढीने असे दफन पाहिले असेल : घंटा नाही, मिस्सा नाही, दफनभूमीच्या कुंपणाबाहेरची जागा. १९८३ च्या संहितेत ती तरतूद उरली नाही. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथाने तर, तीव्र मानसिक व्यथा, यातना वा भीती यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी उणावते असे सांगून, तिच्या शाश्वत तारणाविषयी निराश होऊ नये, देवाला त्याच्या मार्गांनी तिच्यापर्यंत पोहोचता येते, चर्च अशांसाठी प्रार्थना करते, असे शिकविले. जीवन देवाचे दान आहे व ते संपविण्याचा अधिकार माणसाला नाही, ही शिकवण जराही सैल झालेली नाही. सैल झाली ती न्यायाधीशाच्या खुर्चीवरची आपली मांड. रोममध्ये जे बदलले ते आपल्या ओट्यांवर किती बदलले, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

देवाच्या वकिलांमध्ये जे अधिक शिकलेले असतात ते पापाचे कारण पुढे करीत नाहीत. ते स्वातंत्र्याचे कारण सांगतात. देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिले. स्वातंत्र्य म्हटले की गैरवापर आलाच. तेव्हा दुष्टाई माणसाची, देवाची नव्हे. हा युक्तिवाद भक्कम आहे आणि आम्ही तो टाकून देत नाही. माणसाने केलेल्या अन्यायाला 'देवाची इच्छा' म्हणण्यापेक्षा तो शतपटीने बरा. परंतु तो जेवढे सिद्ध करतो त्याहून अधिक त्याच्याकडून वदवून घेतले जाते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात काय घडले ते आठवावे. कपाशी त्या वर्षी माणसाच्या उंचीला भिडली होती. तिच्यावर कीटकनाशकांची मिश्रणे फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले, कित्येकांची दृष्टी काही काळ अंधारली. हातमोजे नाहीत, तोंडाला बांधायला घरचा रुमाल, डोक्यावरून उडणारा फवारा, आणि पाठीवरचा पंप रिकामा झाला की पुन्हा भरायचा. ज्या बियाण्याने बोंडअळीपासून रक्षणाचे आश्वासन दिले होते, त्याच्या बोंडांत त्याच वर्षी गुलाबी अळी शिरलेली आढळली.

आता विचारावे : येथे स्वातंत्र्य कोणाचे आणि मरण कोणाचे? मिश्रण विकणाऱ्याला विकण्याचे स्वातंत्र्य होते. तपासणी करावयाची त्यांना न करण्याचे स्वातंत्र्य होते. स्वस्त कापूस मिळावा अशी इच्छा करण्याचे स्वातंत्र्य आपल्या सर्वांना आहे. रोजाने फवारणीला गेलेल्या मजुराला मात्र त्या दिवशी घरी बसण्याचे स्वातंत्र्य नव्हते. एकाच्या इच्छास्वातंत्र्याचे मोल दुसऱ्याच्या फुप्फुसांनी चुकते करावे, ही व्यवस्था देवाने का चालू दिली, हा प्रश्न स्वातंत्र्याच्या युक्तिवादानंतरही जेथल्या तेथेच उभा राहतो. जो वकील तो मिटला असे म्हणतो, त्याने तो मजुराच्या घरातून पाहिलेला नाही.

आणि जेथे माणसाचा हातच नाही, तेथे काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली असता, किल्लारीची भूमी हादरली व हजारो माणसे आपल्याच घरांच्या दगडमातीखाली गाडली गेली. युरोपात १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चे भाविकांनी भरलेली असताना लिस्बन शहर उद्ध्वस्त झाले होते. एकीकडे नुकताच निरोप दिलेला गणपती, दुसरीकडे वेदीवर पेटलेल्या मेणबत्त्या. भूकंपाने कोणाचाच धर्म विचारला नाही. जड दगडी भिंती व मातीची धाबी यांनी अधिक माणसे मारली, आणि तशी घरे गरिबीमुळे व सवयीमुळे बांधली गेली होती, हे खरे. तेवढा भाग माणसाचा. जमीन हलली तो भाग माणसाचा नव्हता. यवतमाळात पाऊस दडी मारतो आणि नेमका कापूस फुटल्यावर कोसळतो, तो भागही सर्वस्वी माणसाचा नव्हे. दुष्टाई म्हणजे केवळ चांगुलपणाचा अभाव, ही संत ऑगस्टीन यांची व्याख्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात मोलाची आहे. भिजलेल्या कापसासमोर ती उच्चारू नये.

उरतो स्वर्ग. येथले अश्रू तेथे पुसले जातील, हे वचन आपल्या श्रद्धेच्या गाभ्याशी आहे आणि आम्ही ते शब्दशः मानतो. आमची तक्रार त्या वचनाबद्दल नाही, त्याच्या वापराबद्दल आहे. दोस्तोयेव्हस्कीच्या 'करमाझोव बंधू' या कादंबरीत इवान म्हणतो की, एका निष्पाप बालकाच्या छळावर उभारलेली अंतिम सुसंवादिता त्याला नको. तो आपले प्रवेशपत्र आदरपूर्वक परत करतो. दोस्तोयेव्हस्की स्वतः श्रद्धावंत ख्रिस्ती होता, आणि तरीही नास्तिकाच्या तोंडी त्याने कमकुवत युक्तिवाद घातला नाही. आपल्यापैकी किती धर्मोपदेशक प्रतिपक्षाला इतका प्रामाणिक न्याय देतात? स्वर्ग ही नुकसानभरपाईची रक्कम नव्हे. तशी ती मानली की इहलोकीचा हिशेब चुकविण्याचे कारण उरत नाही, आणि मग सावकाराइतका स्वर्गाचा चाहता दुसरा कोणी सापडणार नाही.

या टप्प्यावर आमचे बुद्धिप्रामाण्यवादी मित्र म्हणतील : एवढे सारे मान्य करता तर देवाला सोडूनच का देत नाही? डॉ. श्रीराम लागू यांनी परमेश्वराला 'रिटायर' करण्याचा विचार मांडला तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते. त्या वादात आपल्याकडील अनेकांनी डॉक्टरांना शिव्या मोजल्या, उत्तरे फार थोड्यांनी दिली. दुःखाला देवाची इच्छा म्हणणे हा माणसाचा अपमान आहे, हे त्यांच्या पक्षाचे म्हणणे आम्ही वर आमच्याच शब्दांत मांडलेले आहे. तरीही आमची वाट वेगळी का? जगात दुःख आहे एवढ्याने देव नाही असे ठरते, तर मग त्या दुःखाची चीड कोठून येते हे सांगावे लागेल. आंधळ्या निसर्गात कपाशी भिजणे आणि माणूस खचणे या दोन सारख्याच घटना असावयास हव्या होत्या. त्या सारख्या नाहीत, असे व्हायला नको होते, असे आतून ओरडणारे जे काही आहे ते नास्तिकातही आहे, आणि ईयोबातही तेच होते. ही देवाच्या अस्तित्वाची सिद्धता नव्हे. तशी ती आहे असे म्हणणारा पुन्हा वकिलीच करू लागेल. आम्ही इतकेच म्हणतो की, देवावर दावा लावण्यासाठीही कोणीतरी देव लागतो, आणि आपल्या धर्मग्रंथाने तो दावा दडपलेला नाही. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे म्हणजे सरळ फिर्यादी आहेत. आणि ज्या क्रूसापुढे आपण गुडघे टेकतो, त्यावर टांगलेल्याने आपल्या पित्याला, तू मला का सोडलेस, असेच विचारले होते. त्याला त्या क्षणी उत्तर मिळाल्याची नोंद कोणत्याही शुभवर्तमानात नाही.

ज्या श्रद्धेच्या मध्यभागीच हा प्रश्न खिळलेला आहे तिने इतरांना तो विचारू नका म्हणून दटावावे, याहून मोठी विसंगती कोणती? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रेषितीय पत्र लिहिले. माणूस हा प्रश्न देवाला विचारतो आणि देव तो ऐकून घेण्याची वाट पाहतो, असा त्यातील विचार आहे. त्याच पत्रात पुढे चांगल्या शोमरोनीच्या दाखल्याचे दीर्घ विवेचन येते, हा योगायोग नव्हे. वाटेत अर्धमेला पडलेल्या माणसाला दुःखाचे कारण समजावून सांगणारे कदाचित ते याजक आणि लेवी झाले असते. शोमरोनी ते करीत बसला नाही, त्याने जखमा बांधल्या.

आम्हांला सर्वांत अंतर्मुख केले ते मात्र एका शेतकरी स्त्रीने. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटक म्हणून आधी बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेण्यात आले, गदारोळ झाला, आणि अखेरीस उद्घाटनाचा मान कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांना मिळाला. त्यांच्या पतीने आत्महत्या केलेली. त्या स्वतः शेतकरी स्त्रियांच्या जीवनावरील 'तेरवं' या नाटकात भूमिका करणाऱ्या. आपल्या पतीचा पुढील जन्मावर विश्वास असावा, पुढच्या जन्मी धनाढ्याच्या घरी येऊ म्हणून ते गेले असावेत. आपला मात्र त्यावर विश्वास नाही, आपल्याला याच जन्मात जगावयाचे व लढावयाचे आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे ऐकून आम्ही चमकलो. पुनर्जन्म आपणही मानीत नाही. माणसाला एकच जन्म आहे, ही आपली धर्मशिकवण. मग या एका जन्माविषयीची ती तळमळ आपल्या प्रवचनांत का ऐकू येत नाही? श्रद्धेच्या परीक्षेत गुण द्यावयाचे झाले तर त्या दिवशी त्या व्यासपीठावरून आपल्या विश्वासांगीकाराच्या अधिक जवळचे कोण बोलले?

असे नाही की आपल्या परंपरेत वेगळे वागणारे झाले नाहीत. वसईचे मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्यासमोर सावकाराच्या विळख्यात सापडलेले शेतकरी होते. कर्ज ही देवाने पाठविलेली कसोटी आहे, सोसा, असे सांगून त्यांना मिस्सा अर्पण करता आली असती. त्यांनी पुढाकार घेऊन १९१८ साली पतपेढी उभी केली. आजची बॅसिन कॅथोलिक बँक तिच्यातूनच वाढली. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी उभी हयात पाणलोटाच्या कामात घालविली. त्यांच्या पुढे दुष्काळ होता आणि दुष्काळ तर खरोखरच आभाळातून येतो. पडेल तो थेंब अडवावा कसा, हे ते शेतकऱ्यांना शिकवीत राहिले; २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. देव दुष्काळ का धाडतो, याचे उत्तर या दोघांपैकी कोणी शोधले असेल तर ते आमच्या वाचनात नाही.

याचा उगम बायबलमध्येच आहे. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात यहुदी शेतकरी आक्रोश करतात : धान्यासाठी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण पडली, राजाचा कर भरण्यास कर्ज काढले, आता मुली दासी होऊ लागल्या आहेत. नहेम्या त्यांना धीर धरा म्हणत नाही. तो संतापतो, सरदारांची सभा बोलावतो, आणि शेते व व्याज परत करण्याची शपथ घ्यावयास लावतो. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायातील पन्नासाव्या वर्षीचा जुबिलीचा नियम याच जातीचा आहे. २०२५ चे पवित्र वर्ष घोषित करणाऱ्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी गरीब राष्ट्रांची कर्जे माफ करण्याची हाक दिली ती याच आधारावर. त्या वर्षी आपण यात्रा केल्या, पवित्र दारांची माहितीपत्रके वाटली. कर्जाचा शब्द आपल्या किती धर्मग्रामांतून उच्चारला गेला? आणि फार दूर जाण्याचेही कारण नाही. सतराव्या शतकातील भीषण दुष्काळात बायको व मुलगा गमावलेल्या देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. स्वतःच्या घरचे मरण पाहिलेल्या त्या वाण्याने दुसऱ्यांची देणी पाण्यात सोडली. दुःख आणि देव यांचा मेळ घालणारे याहून थेट भाष्य मराठीत आम्हांस ठाऊक नाही.

म्हणजे मेळ बसतो काय? आमचे उत्तर असे की, कागदावर बसत नाही, आणि तो बसविल्याचा दावा करणाऱ्यापासून सावध राहावे. जो दुसऱ्याच्या दुःखाचे समर्थन देवाच्या नावाने करतो त्याच्या तोंडी तर तो मुळीच बसत नाही. ईयोबाच्या जवळ जमिनीवर बसलेल्याला, क्रूसाखाली उभ्या असलेल्याला, कर्जाचा कागद हाती घेऊन सोसायटीत गेलेल्याला विश्वास ठेवता येतो, असे आम्ही पाहिले आहे. त्याला उत्तर सापडलेले असते असे नाही. त्याला देवावर रागावण्याची मुभा असते, आणि ती मुभा आपण त्याला नाकारू नये.

आता आमची एक साधी मागणी. सांत्वनाला जाताना 'देवाची इच्छा' हे शब्द घरी ठेवून जावे. आजारपणात, अपघातात, वृद्धाच्या शांत मरणातही शक्यतो ठेवावे; आत्महत्येच्या घरी तर निश्चितच. काही सुचले नाही तर बोलू नये. बसावे. नंतर मात्र उठावे, आणि वारसाचे नाव सातबाऱ्यावर लागले की नाही, मुलांचे शुल्क भरले की नाही, प्रकरण अपात्र ठरले असल्यास अर्ज कोणी लिहून द्यायचा, आणि घरात आणखी कोणी तसेच खचलेले आहे काय, हे विचारावे. ज्या धर्मग्रामात पत्रलेखन जाणणारी दहा माणसे आहेत, तेथे हे काम धर्मगुरूंची वाट पाहत राहू नये.

आणखी एक गोष्ट. साहेबराव करपे यांचा स्मृतिदिन १९ मार्च. किसानपुत्र आंदोलनाच्या अमर हबीब यांच्या पुढाकाराने २०१७ पासून या दिवशी महाराष्ट्रात शेतकऱ्यांविषयीच्या सहवेदनेचा अन्नत्याग केला जातो. तीच तारीख संत योसेफाच्या सणाची आहे : नाझरेथच्या त्या कष्टकऱ्याची, कुटुंबाच्या पोशिंद्याची, ज्याला आपण सुखमरणाचा आश्रयदाता म्हणतो. ईस्टर कितीही लवकर वा उशिरा आला तरी १९ मार्च पुनरुत्थानाच्या रविवाराआधीच येतो, म्हणजे तो दरवर्षी उपवासकाळातच पडतो. सण म्हणून त्या दिवशी आपल्याला उपवासाची सूट असते. अमरावती धर्मप्रांतातील, यवतमाळ जिल्हा ज्यात मोडतो त्या धर्मप्रांतातील, एखाद्या धर्मग्रामाने ती सूट एक वर्ष घेऊ नये, आणि संत योसेफाच्या मिस्सेतील विश्वासूंच्या प्रार्थनेत चिलगव्हाणच्या त्या सहा जणांचा उल्लेख करावा. त्यांतील चार मुले होती.